उशिरा येणारी चूक

दळणाचा डबा गिरणीत ठेवून बाजारहाट उरकावा, तसं असिंक्रोनस पद्धतीत प्रोग्रॅम फाइल लिहायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतो आणि पुढे निघतो. सोपवताना मिळालेल्या शून्याचा अर्थ 'काम रांगेत घेतलं' एवढाच. डिस्क भरलेली निघाली तर ते नंतर कळणार, आणि तेही विचारलं तरच.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच्या पोझिक्स या मानकात १९९३ साली त्यासाठी 'एआयओ_एरर' हे फंक्शन आलं. काम पार पडलं असेल तर ते शून्य देतं. बिघडलं असेल तर बिघाडाचा क्रमांक: लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ५ म्हणजे वाचण्या-लिहिण्यातला दोष, २८ म्हणजे जागाच उरलेली नाही. काम अजून चालूच असेल, तर ११५. गोची इथेच आहे. 'शून्य नाही म्हणजे चूक' असं धरून चालणारा प्रोग्रॅम चालत्या कामालाच नापास करतो. शून्य आलं तरी किती बाइट लिहिले गेले हे 'एआयओ_रिटर्न'ला विचारावं लागतं, आणि तेही एका कामासाठी एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तराचा भरवसा नाही.

एकदाच मिळणारं उत्तर किती महागात पडू शकतं, हे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना २०१८ मध्ये उमगलं. लिनक्समध्ये साधं लिहिणंही आधी मेमरीतच होतं; डिस्कवर ते मागाहून उतरतं. उतरलं की नाही याची खात्री 'एफसिंक' हे फंक्शन वापरून करायची. ते फसलं की पोस्टग्रेस पुन्हा एफसिंक करायचा. वरकरणी शहाणपणाचंच! पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पहिल्या वेळी चूक सांगून मोकळा व्हायचा आणि मेमरीतली ती न उतरलेली पानं (डेटाचे तुकडे) 'स्वच्छ', म्हणजे उतरून झालेली, ठरवायचा. दुसऱ्या एफसिंकला उतरवायला काही उरलेलंच नसे, म्हणून उत्तर यायचं: यशस्वी. डेटा मात्र डिस्कवर नाही. शिवाय लिनक्सच्या ४.१३ या आवृत्तीआधीच्या कर्नलमध्ये चुकीची खूण जो आधी विचारेल त्याच्यापाशीच पुसली जायची. त्याच फाइलवर काम करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला पत्ताच लागत नसे.

दोष कर्नलचा की डेटाबेसचा, यावर बरीच खडाजंगी झाली. माझं मत विचाराल तर चूक एकदाच सांगून विसरणं हे कर्नलचं वागणं विचित्रच; पण डेटाबेसनेही ते गृहीत धरायला हवं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने पवित्रा बदलला. आता एफसिंक फसलं की तो पुन्हा प्रयत्न करत नाही, सरळ स्वतःला बंद पाडतो आणि परत सुरू होताना आधीच नोंदून ठेवलेल्या लॉगवरून तेच बदल नव्याने लिहितो.