स्कूटरला महागडं पेट्रोल कशाला?

पुण्यात दोन माणसं बोलायला लागली की थोड्या वेळात विषय मायलेजवर येतोच, आणि त्यात हल्ली एक वाक्य हमखास असतं, "मी बाबा साधं पेट्रोल घालतच नाही, नाइंटी फाइव्ह ऑक्टेनचंच घालतो, पिकअप कसला येतो माहितीये." बोलणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर असते, जी रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तीसच्या वर जात नाही. पंपावरचा पोरगा विचारतो, "साधं का पॉवर?" आणि मागे रांगेत चार जण उभे असताना "साधं" म्हणायला लोकांना कमीपणा वाटतो, असं आपलं माझं मत. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त जातात आणि त्या बदल्यात या स्कूटरला मिळतं जवळजवळ शून्य. आणि हे मी कंजूषपणाने म्हणत नाहीये, यामागे एक फार देखणी केमिस्ट्री आहे, खरं तर तीच सांगायची म्हणून हा लेख.

गोंधळाचं मूळ असं की ऑक्टेन नंबर म्हणजे पेट्रोलची ताकद, असं सगळ्यांना वाटतं. ९१ पेक्षा ९५ मोठा, ९५ पेक्षा १०० मोठा, म्हणजे जास्त दम. तसं अजिबात नाहीये. ऑक्टेन नंबर सांगतो की हे पेट्रोल दाबल्यावर, तापल्यावर, ठिणगी नसताना *आपणहून* पेटायला किती नकार देतं. बस एवढंच. किलोमागे किती ऊर्जा निघणार याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. याचा पुरावा सध्या सगळ्यांच्या टाकीतच आहे: इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्या वर, म्हणजे पेट्रोलपेक्षा भारी, पण लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. म्हणून वीस टक्के इथेनॉल मिसळलं की ऑक्टेन वाढतं आणि लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते, दोन्ही एकाच वेळी. ऑक्टेन म्हणजे ताकद असती तर हे झालंच नसतं.

आता इंजिनात काय होतं ते बघू. पिस्टन खाली येताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो, मग वर जाताना ते मिश्रण दाबतो. आपल्या नेहमीच्या स्कूटर-बाइकमध्ये कॉम्प्रेशन रेशो दहाच्या आसपास, म्हणजे मिश्रणाचं आकारमान एक दशांश होतं. वायू असा झटकन दाबला की तापतो (सायकलचा पंप मारताना खालची नळी गरम लागते ना), आणि इथे तापमान साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअसपर्यंत जातं, अजून ठिणगी पडायचीच आहे. मग प्लगमधून ठिणगी पडते, तिथून ज्योत सुरू होते आणि सेकंदाला पंधरा-वीस मीटर अशा वेगाने पलीकडच्या भिंतीकडे सरकत जाते. सहा हजार आरपीएमला हा सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदात आटपतो.

खरी गंमत त्या पलीकडच्या कोपऱ्यात आहे. तिथलं न जळलेलं मिश्रण आधीच तापलेलं असतं आणि वर आता इकडून जळून फुगलेला वायू त्याला आणखी दाबतोय. ज्योत तिथे पोचेपर्यंत ते गप्प बसलं तर सगळं छान. नाही बसलं तर ते सगळंच्या सगळं एकदम पेटतं. लवंगीची माळ एका टोकाकडून तडतडत जाणं आणि अख्खी माळ एका क्षणात फुटणं, यात जो फरक आहे तोच. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते आणि बाहेर धातूवर काहीतरी ठोकल्यासारखा टकटक आवाज येतो, हेच नॉकिंग. फार वेळ चाललं तर पिस्टनला खड्डे पडतात, अगदी भोकसुद्धा पडू शकतं. कात्रजचा घाट डबलसीट आणि टॉप गिअरमध्ये चढवणाऱ्या जुन्या मंडळींनी हा आवाज भरपूर ऐकलाय, गिअर खाली टाकला की तो थांबायचा.

आता काही पेट्रोल गप्प बसतं आणि काही बसत नाही हे का? इथे मी जरा खोलात जाणार आहे, ज्यांना दहावीचा कार्बनी संयुगांचा धडा नको वाटायचा त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.

पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांची मिसळ. त्यातले दोन नमुने घेऊ. एक नॉर्मल हेप्टेन, सात कार्बन एका सरळ रांगेत. दुसरा आयसोऑक्टेन, आठ कार्बन, पण रांग पाचाचीच आणि बाकीचे तीन फांद्यांसारखे बाजूला चिकटलेले. हेप्टेन हवेत दोनशेच्या थोडं वर गेलं की आपणहून पेटतं, आयसोऑक्टेनला चारशेच्या वर जावं लागतं. एवढा फरक का, तर गरम मिश्रणात सगळ्यात आधी कुठला तरी रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला भुकेला कण, रेणूवरचा एक हायड्रोजन ओढून नेतो. रिकाम्या झालेल्या कार्बनवर लगेच ऑक्सिजनचा रेणू येऊन बसतो. आता हा ऑक्सिजनसुद्धा हायड्रोजन शोधतो, आणि तो बाहेर कुठे जात नाही, त्याच साखळीवरचा एक हायड्रोजन वळून पकडतो, त्यासाठी साखळीला क्षणभर सहा अणूंच्या कड्यासारखं वाकावं लागतं. मग तिथे दुसरा ऑक्सिजन येतो, रेणू आणखी अस्थिर होतो आणि शेवटी फुटतो, आणि फुटताना एकाहून जास्त ओएच रॅडिकल बाहेर सोडतो. म्हणजे सुरुवातीला एक रॅडिकल गेला होता, बाहेर आले दोन-तीन, त्यातला प्रत्येक पुढच्या रेणूला जाऊन भिडतो. स्फोट म्हणतात तो हाच गुणाकार.

हेप्टेनमध्ये हे सगळं लोण्यासारखं चालतं कारण त्याच्या १६ हायड्रोजनांपैकी १० हे साखळीच्या मधल्या कार्बनांवर असतात, जिथले बंध तुलनेने सैल, आणि सरळ साखळी वाकायलाही तयार. आयसोऑक्टेनचे हायड्रोजन १८, पण त्यातले तब्बल १५ टोकाच्या मिथाइल गटांवर (एक कार्बन, तीन हायड्रोजन), तिथले बंध जास्त घट्ट. मधल्या एका कार्बनवर तर हायड्रोजनच नाही, तिथे आल्यावर वाट बंद. त्यामुळे वळून पकडण्याची ती मधली पायरी अडखळते, रॅडिकलांचा गुणाकार वेळेत होत नाही आणि तेवढ्यात ज्योत येऊन पोचते. म्हणजे ऑक्टेन नंबर हा मुळात रेणूच्या *आकाराचा* परिणाम आहे. मला तर हे कॉलेजात पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. कार्बन-हायड्रोजन तेच, ऊर्जा जवळपास तेवढीच, फक्त बांधणी वेगळी आणि एकजण नाकासमोर चालणारा तर दुसरा पंपावरचं भांडण.

मोजमाप यावरूनच बनलं. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हेप्टेनला शून्य आणि आयसोऑक्टेनला शंभर धरायचं सुचवलं. ९५ ऑक्टेन म्हणजे ९५ टक्के आयसोऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनचं मिश्रण जसं वागेल तसं वागणारं पेट्रोल. शुद्ध हेप्टेन सुरुवातीला कुठून आणायचे, तर जेफ्री पाइन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या झाडाच्या डिंकातून, कारण त्यात ते आयतं सापडतं. मोजायला कॉम्प्रेशन रेशो कमी-जास्त करता येईल असं एका सिलिंडरचं खास इंजिन वापरतात, ६०० आरपीएमवर.

ऑक्टेन वाढवायची एक घाणेरडी युक्तीही होती, शिसं. थॉमस मिजली या अमेरिकन अभियंत्याने १९२१ मध्ये टेट्राइथाइल लेड या शिशाच्या संयुगाचा हा गुण शोधला, शिशाचे सूक्ष्म कण ते भटके रॅडिकल गिळून टाकायचे. चिमूटभर टाकलं की नॉकिंग बंद, आणि रस्त्यावरच्या पोरांच्या रक्तात शिसं. भारतात ते २००० साली बंद झालं, जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१. उलट दिशेची युक्ती आपल्याकडची: पेट्रोलमध्ये रॉकेल. रॉकेलच्या लांब सरळ साखळ्यांमुळे ऑक्टेन धाडकन पडतं आणि गाडी ठोकायला लागते. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात तो ही चोरी पकडता यावी म्हणून. ही भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २०११ मध्ये मनमाडजवळ जाळून मारलं होतं, तेव्हा पेट्रोलच्या बाबतीत कशाची काळजी करायचीच असेल तर भेसळीची करावी.

तर आता परत आपल्या स्कूटरकडे. दहाच्या रेशोचं इंजिन कंपनीने बनवलंय तेच साध्या पेट्रोलवर नॉकिंग होणार नाही अशा बेताने. शिवाय सिलिंडर छोटा, ज्योतीला जायचं अंतर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, त्यामुळे कोपऱ्यातल्या मिश्रणाला उतावीळ व्हायला वेळच मिळत नाही. जे नॉकिंग होतच नाही ते ९५ ने थांबवणार कसं? मोठ्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो, तो टकटक ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे-पुढे करतो, तिथे जास्त ऑक्टेन दिलं तर ठिणगी थोडी आधी टाकून फायदा उचलता येतो. बहुतेक स्कूटरना हा सेन्सर नसतोच, म्हणजे तुम्ही आत काय ओतलंय ते बिचारीला कळतसुद्धा नाही. टर्बो कार असेल, किंवा चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० सारखी बाराच्या पुढच्या रेशोची बाइक असेल, तर मॅन्युअल उघडून बघा, तिथे जास्त ऑक्टेन मागितलं असेल तर जरूर घाला. १०० ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलं, पहिल्या दहा शहरांत पुणंही होतं, आणि तेव्हा लिटरला १६० रुपये मोजून ते स्कूटरमध्ये भरणारे महाभागही असणार, मला खात्री आहे.

त्यात आणखी एक. बीएस-२ (बीएस म्हणजे गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम) च्या काळात साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन ८८ होतं, बीएस-३ पासून ९१ झालं, आणि सरकारच्याच म्हणण्याप्रमाणे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ते आता ९५ वर आलंय. म्हणजे ज्या ९५ साठी जास्त पैसे देत होतात ते साध्या नळीतून येतंय. महागड्यात इंजेक्टर साफ ठेवणारं डिटर्जंट जास्त असतं हे खरं, पण त्याचा पिकअपशी संबंध तेव्हाच येतो जेव्हा आत आधीच घाण साचलेली असते. "पण मला फरक जाणवतो" असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, बायकोला किंवा भावाला तुम्हाला न सांगता टाकी भरून आणायला सांगा आणि मग ओळखून दाखवा कुठलं आहे. अजून कुणी तयार झालेलं नाही.

पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक, टाकीत टाकायची मायलेजची गोळी, पहाटे थंड पेट्रोल भरलं की जास्त मिळतं हे फॉरवर्ड, ही सगळी त्याच घराण्यातली. पेट्रोलचे रेणू चुंबकाला दाद देत नाहीत आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान पहाट-दुपार फारसं बदलत नाही. त्यापेक्षा हँडलला लिंबू-मिरची बांधणारा परवडला, त्याचं नुकसान दहा रुपयांचं.

आणि पंपावर आहातच तर नायट्रोजनचंही बघून घ्या. फुकटची हवा सोडून चाकामागे पैसे देऊन नायट्रोजन भरतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे. तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात, वायूंचा नियम नाव विचारत नाही. नायट्रोजनमध्ये दमटपणा नसतो एवढा एक मुद्दा खरा, तो विमानांच्या टायरला महत्त्वाचा, कर्वे रोडला नाही. राहिला हवा हळू उतरण्याचा दावा, तर टायरच्या रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो हे बरोबरच आहे, पण म्हणजे साधी हवा भरलेल्या टायरमधून आधी ऑक्सिजनच जास्त जातो, तुम्ही महिन्याला परत हवा मारता, पुन्हा तेच होतं, आणि टायरमधला नायट्रोजनचा टक्का आपोआप वाढत राहतो, एक रुपयाही न देता.