अमेरिकेतल्या कॅथलिक शाळा आणि गणवेश: हे नियम आले कुठून?

अमेरिकेतल्या कॅथलिक प्राथमिक शाळेत मुलाला घातलं की पालकांच्या हाती नियमपुस्तिका पडते. त्यातलं पोशाखाचं प्रकरण बहुधा भलतंच बारकाईचं असतं: शर्ट खोचलेला, पट्टा साधा, स्कर्ट गुडघ्यापर्यंत, मिस्सेच्या (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनाविधीच्या) दिवशी पूर्ण गणवेश. कारण विचारलं तर ‘सगळी मुलं सारखी दिसावीत’ हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

मुळात शाळेचा गणवेश समतेसाठी आलाच नव्हता. लंडनमध्ये १५५२ साली स्थापन झालेल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतल्या गरीब मुलांना लांब निळा कोट मिळे, आणि हे धर्मादायावर शिकणारं पोर आहे हे लांबूनच कळे. अमेरिकेतल्या कॅथलिकांमध्ये गणवेश आधी दिसला तो धर्मभगिनींच्या (नन्सच्या) निवासी शाळांत, खात्यापित्या घरच्या मुलींच्या अंगावर.

पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चनं चालवलेल्या, साध्या शाळांची गोष्ट वेगळी. सरकारी शाळांत प्रोटेस्टंट पंथाचं बायबल वाचलं जाई, आणि ते कॅथलिकांना मान्य नव्हतं. त्या वादातून १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली उसळल्या, कॅथलिक चर्च जाळली गेली. पुढे १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेत अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी (वरिष्ठ धर्मगुरूंनी) ठरवलं की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा हवी. आयरिश, जर्मन, इटालियन, पोलिश कामगारांची मुलं तिथे आली आणि नाममात्र मोबदल्यावर धर्मभगिनींनी त्यांना शिकवलं. या शाळांत गणवेश रुजला तो विसाव्या शतकात. समतेचा मुद्दा इथे खरा ठरतो, कारण घरची ओढगस्त कपड्यांवरून उघडी पडत नसे.

उरलेला अर्धा भाग शालीनतेचा, आणि त्याचा भार मुलींवरच जास्त. १२ जानेवारी १९३० ला रोमहून, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयातून, निघालेल्या फर्मानात, अशोभनीय कपड्यांतल्या मुलींना शाळेत घेऊ नये, असं धर्मभगिनींना बजावलं होतं. स्कर्टची लांबी तपासायची रीत अनेकींना आजही आठवते: जमिनीवर गुडघे टेकायचे आणि स्कर्टची कड फरशीला लागते का ते बघायचं. १९१७ च्या चर्च-कायद्यानुसार बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकणं सक्तीचं होतं, म्हणून गणवेशात छोटी टोपी असे. ती घरी राहिली की सिस्टर सरळ कागदी रुमाल केसांना पिनेनं टाचून देत! मुलग्यांच्या वाट्याला असलं काही फारसं नव्हतं.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या सगळ्या कॅथलिक शाळांत मिळून पन्नास लाखांहून जास्त मुलं होती. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं) धर्मभगिनींचा पोशाख साधा आणि काळाला धरून असावा असं सांगितलं. बऱ्याच जणींनी पायघोळ झगा सोडला, काही तर साध्या कपड्यांत आल्या. गंमत अशी की शिकवणाऱ्यांचा गणवेश गेला, शिकणाऱ्यांचा मात्र टिकला.

तो टिकायला कायद्याचीही मदत झाली. १९६९ च्या टिंकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांना दंडावर काळी फीत बांधून निषेध नोंदवण्याचा हक्क दिला. पण तो सरकारी शाळांपुरता. खासगी शाळेत पालकांनी पुस्तिकेवर सही केली की विषय संपतो. पुढे सरकारी शाळांनीच हा कित्ता गिरवला. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचनं १९९४ मध्ये आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा केला, तोही गुंडांच्या टोळ्यांची ओळख सांगणाऱ्या कपड्यांच्या रंगांना आळा घालायला. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीही या कल्पनेची पाठराखण केली.

आता अनेक कॅथलिक शाळांत मुलींना पँट चालते. मिस्सेच्या दिवशी मात्र पुष्कळ ठिकाणी स्कर्टच लागतो.