सॅक मोजून लाइनची पारख होत नाही

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, चेंडू फेकण्याआधीच पाडलं की ती ‘सॅक’. सॅक जितक्या जास्त, तितकी त्याला वाचवणारी पुढच्या पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन कुचकामी, असा हिशेब चाहते वर्षानुवर्षं मांडत आलेत. तो चुकीचा आहे.

सिनसिनाटी बेंगल्स संघाचा क्वार्टरबॅक जो बरो २०२१च्या साखळी हंगामात ५१ वेळा पडला. लाइन कच्ची होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लांबचा पास हवा म्हणून क्वार्टरबॅक चेंडू धरून बसला, की उत्तम लाइनही कधीतरी फुटणारच. उलट, क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग समोरचा बचाव वाचून चेंडू झटकन सोडायचा. २००९च्या अख्ख्या हंगामात तो फक्त १० वेळा सॅक झाला. ते श्रेय एकट्या लाइनचं कसं?

आणि आकडा लाइनचं अपयश लपवतोसुद्धा. फेब्रुवारी २०२२च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, बेंगल्स तीन गुणांनी मागे, चौथा डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा शेवटचा प्रयत्न, हवा फक्त एक यार्ड. प्रतिस्पर्धी रॅम्सचा आरन डोनल्ड लाइन भेदून आत घुसला आणि त्यानं बरोला गरकन फिरवलं. पडता पडता बरोनं चेंडू कसाबसा भिरकावला. सामना तिथेच गेला. नोंद मात्र ‘अपूर्ण पास’ अशी झाली, सॅक म्हणून नाही.