पार्थेनॉन म्हातारपणाने पडलेलं नाही

अथेन्सच्या पार्थेनॉनचा फोटो आला की खाली ठरलेली ओळ असतेच: अडीच हजार वर्षांच्या ऊन-पावसाने मंदिराची ही दशा केली. ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही.

इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधलेलं अथेनाचं हे मंदिर पुढे चर्च झालं, मग मशीद. मध्ये आग लागली, फेरफारही झाले. पण वास्तू वापरात होती, म्हणून भिंती आणि खांब टिकले, डोक्यावर छप्पर राहिलं. १६७४ मध्ये काढलेल्या चित्रांत बरीचशी शिल्पं जागच्या जागी दिसतात. घात झाला तो २६ सप्टेंबर १६८७ रोजी. वेढ्यात अडकलेल्या ऑटोमन सैन्याने आत दारूगोळा साठवला होता. व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याच्या फौजेचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. आतल्या भिंती आणि दोन्ही लांब बाजूंचे बरेच खांब उडाले, आत आसऱ्याला आलेली माणसं मेली. एवढ्यावर भागलं नाही. मोरोसिनीने पश्चिमेकडचे संगमरवरी घोडे लूट म्हणून उतरवायला घेतले. ते निसटले आणि त्यांचा चुराडा झाला. उरलेल्यातलं बरंच ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून काढून नेलं.

दुरुस्तीनेही हातभार लावला, हे तर कुणी सांगतच नाही. मूळ कारागिरांनी दगड सांधणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस या अभियंत्याने ती काळजी घेतली नाही. लोखंड गंजून फुगलं, संगमरवर तडकला. आता तिथे टायटॅनियम बसवतात.