शुगरचा ऑनलाइन वर्ग आणि शुगरवरचा ऑनलाइन अभ्यास: नाव घालण्याआधी फरक समजून घ्या

व्हॉट्सअॅपवर एक लिंक येते. ‘मधुमेह आहे? घरबसल्या शुगर सांभाळायला शिका. सहभाग मोफत.’ लिंक उघडली की नाव, वय, गोळ्या कोणत्या चालू आहेत, शेवटची एचबीए१सी (शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) किती आली, असे प्रश्न आणि शेवटी ‘मी सहमत आहे’ असा चौकोन. बहुतेक जण चौकोनावर टिचकी मारून मोकळे होतात. पण हा फॉर्म दोन अगदी वेगळ्या गोष्टींचा असू शकतो. एक म्हणजे तुम्हाला शिकवण्यासाठी चालवलेला वर्ग. दुसरी म्हणजे असा वर्ग उपयोगी पडतो का, हे तपासणारं संशोधन. फॉर्म सारखाच दिसतो, भरून घेणारी आशाताईही तीच असते, म्हणून घोळ होतो.

आधी वर्ग. या प्रकारातलं जगभर नावाजलेलं काम अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी उभं केलं. त्यांचा ऑनलाइन वर्ग सहा आठवड्यांचा. चालवणारे डॉक्टरच हवेत असं नाही, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं तो चालवतात. दर आठवड्याला प्रत्येकाने आपला एक छोटा बेत ठरवायचा आणि पुढच्या आठवड्यात तो जमला का ते सांगायचं. ‘व्यायाम करेन’ हा बेत नव्हे. ‘या आठवड्यात चार दिवस, रात्रीच्या जेवणाआधी बंदरापर्यंत चालत जाऊन येईन’ हा बेत. आपल्याकडे त्यात दुपारच्या भाताचं माप येईल, अनवाणी आगरात फिरणाऱ्याने रोज रात्री तळपाय तपासणं येईल, शुगर ७० च्या खाली गेली तर लगेच काय खायचं ते येईल. अशा वर्गासाठी माणसं गोळा करताना हेतू एकच असतो: ज्याला गरज आहे तो आत यावा. कोणाला जमत नसेल तर वर्ग त्याच्यासाठी बदलायचा.

अभ्यासाचं तसं नाही. तिथे प्रश्न असतो, ‘या वर्गाने खरंच फरक पडतो का?’ आणि त्याचं उत्तर मिळवायचं तर काही जणांना वर्ग न देऊन बघावं लागतं. लोरिग यांच्याच ऑनलाइन वर्गाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ७६१ जण होते आणि त्यांतल्या एका गटाला फक्त नेहमीचे उपचार चालू ठेवायला सांगितलं होतं. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. ते डॉक्टर ठरवत नाही, रुग्णही नाही. सहा महिन्यांनी वर्गातल्यांची एचबीए१सी थोडी बरी निघाली. फरक लहान होता, पण तो वर्गामुळेच पडला असं म्हणता आलं ते त्या दुसऱ्या गटामुळे.

हा दुसरा गट लोकांना अन्याय वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. समजा मे महिन्यात दापोली-गुहागर पट्ट्यातल्या शंभर जणांची नावं घेतली, एचबीए१सी मोजली आणि सप्टेंबरात पुन्हा मोजली. आकडा उतरला. वर्गाचं यश? एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशेब दाखवते. मे महिन्यात घरात आंब्याच्या पेट्या, लग्नाच्या पंगती, मुंबईहून आलेले चाकरमानी, रोजचा आमरस. आंबा संपला की वर्गात न बसलेल्याचीही शुगर उतरू शकते. शिवाय माणूस नाव घालतो तेच बहुधा रिपोर्ट वाईट आल्यावर, आणि तसा आकडा पुढच्या खेपेला काहीसा खाली येतोच. तुलनेचा गट नसेल तर हंगामाचं श्रेय वर्गाला जाईल.

पण हे सगळं रुग्णाला आधी सांगायला हवं. ते न सांगता एखाद्या बाईचं नाव घेतलं आणि ती तुलनेच्या गटात गेली, की तिचं म्हणणं एवढंच उरतं: ‘नाव लिहून नेलं, पुढे कोणी फोनसुद्धा केला नाही.’ पुढच्या वर्षी खरा वर्ग आला तरी ती येणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

मालवणकडच्या एखाद्या वाडीत आशाताई पडवीत बसून फॉर्म भरते तेव्हा समोरची बाई माहितीपत्रक वाचत नाही. ती म्हणते, ‘गो बाय, तू सांगतंस म्हणजे बरांच असतलां.’ मोबाइल मुलाचा, मुलगा मुंबईला, ओटीपी त्याच्याकडे जाणार. वर्गासाठी एवढा विश्वास पुरतो. संशोधनासाठी तो पुरत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहिती तिला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. कधीही बाहेर पडता येतं आणि बाहेर पडलं म्हणून सरकारी दवाखान्यातला इलाज बंद होत नाही, हे सांगावं लागतं. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर अंगठा घ्यावा लागतो. आशाताईला दर नावामागे पैसे मिळत असतील तर संमती घेण्याचं काम तिच्याकडे देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नकार ऐकून घेणं तिला परवडणार नाही.

ओळखायचं कसं? अभ्यास असेल तर नीतिमत्ता समितीची (संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातं का ते बघणाऱ्या समितीची) मान्यता आणि संपर्क क्रमांक माहितीपत्रकावर असतो. गटांत विभागून केलेल्या अभ्यासाचा सीटीआरआय या अशा अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांकही मागा. ती नोंदवही ऑनलाइन कोणालाही बघता येते, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. यातलं काहीच नाही, वर ‘गोळ्या कायमच्या सुटतील’ असं आश्वासन आणि फीचा आकडा असेल, तर तो या दोन्हींतला प्रकार नाही. ती जाहिरात आहे.

अभ्यासाच्या अटी कडक असतात. इन्सुलिन घेणारे नकोत, गरोदर स्त्रिया नकोत, स्वतःचा स्मार्टफोन हवा. तिथे नाव गळलं तर मनाला लावून घेऊ नये. मात्र वर्गानेही हीच चाळणी लावली तर मला ते पटत नाही. नुसती लिंक फिरवून नावं घेतली की चिपळूण-रत्नागिरी शहरातले, हातात फोन असलेले आधी भरतात आणि ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्या वाडीतल्या साठीच्या बायका बाहेर राहतात. त्यांच्यापर्यंत उपकेंद्रातून, बचत गटाच्या बैठकीतूनच जावं लागतं.

आणि दोन्हीकडे लागू असलेली एक गोष्ट: ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वर्गात ऐकून एकदम जेवण कमी केलं तर शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरांना विचारूनच बदलायचा.

तुलनेच्या गटाला नंतर तोच वर्ग मिळणार असेल, तर केव्हा मिळणार ते माहितीपत्रकात लेखी असलं पाहिजे. तो महिना जुलै नसावा. ऐन पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात, आणि लावणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी नसतं.