आई-वडिलांच्या हाडाच्या कॅन्सरचे उपचार: ठाणे-नवी मुंबईकरांनी कोणते कागद, कोणत्या क्रमाने काढायचे

गुडघा दुखतो म्हणून बाम चोळण्यात महिना-दोन महिने जातात. मग एक्स-रेमध्ये ऑर्थोपेडिक डॉक्टरांना काहीतरी खटकतं आणि घरात धावपळ सुरू होते. या धावपळीत बहुतेक घरांतून आधी पैसे भरले जातात आणि योजनेची चौकशी नंतर होते. महात्मा फुले जन आरोग्य योजना घ्या किंवा मुख्यमंत्री सहायता निधी, एकदा खिशातून गेलेला पैसा परत मिळण्याची सोय दोन्हीकडे नाही. म्हणून डिपॉझिट भरायच्या आधी हे वाचा.

पहिला कागद सरकारी नाही, तो बायोप्सीचा रिपोर्ट. साठीच्या पुढे हाडात दिसणारी गाठ पुष्कळदा दुसऱ्या अवयवातून पसरलेली असते, किंवा मायलोमा (हाडांच्या मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) निघतो. हाडातच सुरू झालेला सार्कोमा असेल तर उपचारांची दिशा वेगळी. योजनेची मंजुरीही या निदानावरच मिळते. जिथे ऑपरेशन होणार तिथेच बायोप्सी केलेली बरी, कारण सुई गेली तो मार्गही सर्जनला नंतर काढून टाकावा लागतो. बायोप्सी आधीच झाली असेल तर नुसत्या रिपोर्टवर समाधान मानू नका. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि ‘ब्लॉक’ मागून घ्या. ब्लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. त्यावर लिहिलेला नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का, ते काउंटरवरच बघा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तोच पुन्हा तपासतात. एमआरआयची सीडीही फाइलमध्ये हवी. ब्लॉक मात्र उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका.

आता योजना. महात्मा फुले योजना आता आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. पूर्वी फक्त पिवळ्या-केशरी रेशन कार्डांपुरती असलेली ही सोय जुलै 2024 पासून शुभ्र कार्डधारकांनाही खुली झाली. ‘आमचं पांढरं कार्ड, आम्हाला कोण देणार’ असं म्हणून घरी बसणारी मंडळी अजून भेटतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं. आई किंवा बाबा सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवर ई-केवायसी होते. मात्र कुटुंब आधी आयुष्मानमध्ये नसेल तर घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून ते 5 लाख धरले जातात.

योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. तिथे रुग्णाचं रेशन कार्ड, आधार, डॉक्टरांचा कागद आणि रिपोर्ट द्यायचे. तो नोंदणी करतो, हॉस्पिटल पूर्वमंजुरी मागतं. हाड काढून धातूचा सांधा बसवायचा असेल तर एक प्रश्न स्पष्ट विचारा: इम्प्लांटचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का? केमो, ऑपरेशन, रेडिएशन यांची पॅकेजं वेगवेगळी असतात, त्यामुळे एकाला मंजुरी मिळाली म्हणजे सगळं झालं असं समजू नका. शंका असेल तर योजनेच्या 155388 या हेल्पलाइनला फोन करा.

ठाण्या-मुंबईत सगळ्यात जास्त अडतं ते रेशन कार्डावर. आईचं नाव गावच्या कार्डात, थोरल्या भावाकडे, सातारा किंवा रत्नागिरीला. मुलगा राहतो घोडबंदरला. कार्ड चालू असेल आणि त्यावर आईचं नाव असेल तर तेच गावचं कार्ड आणा. नाव इथल्या कार्डात चढवण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका, त्यात वेळ जातो. स्पेलिंगचा फरक मात्र लगेच मिटवा. आधारवर ‘सुमन’ आणि केस पेपरवर ‘सुमनबाई’ असेल तर केस पेपर सुधारून घेणं सोपं. आधार सुधारणं लांबचं काम.

उत्पन्नाचा दाखला पुढच्या जवळपास प्रत्येक अर्जाला लागतो. तो तहसीलदारांचा आणि चालू आर्थिक वर्षाचा हवा. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतो. आधार, रेशन कार्ड, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. नवी मुंबईकर इथे हमखास फसतात. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळं ठाणे तालुक्यात, म्हणजे दाखला ठाण्याच्या तहसीलचा. बेलापूर ओलांडून खारघर, कामोठ्यात शिरलात की पनवेल तालुका आणि रायगड जिल्हा. टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र खारघरला आहे म्हणून तुमचाही अर्ज पनवेलला करायचा, असं नाही. दाखला राहत्या पत्त्यावरून.

योजनेत बसत नसेल किंवा मर्यादा संपली, तर धर्मादाय हॉस्पिटल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41एए खाली या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत दुर्बल. बिलिंग काउंटरवर ‘आमच्याकडे असं काही नाही’ असं ऐकायला मिळालं तर वाद घालू नका, समाजसेवा अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच हातात असली की उत्तरं बदलतात.

मुख्यमंत्री सहायता निधी त्यानंतर. उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 60 हजार. हॉस्पिटल निधीच्या यादीत असावं लागतं, खासगी असेल तर खर्चाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज, दाखला, आधार, रेशन कार्ड, रिपोर्ट आणि रुग्ण दाखल असल्याचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो एवढं जोडायचं. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात. टोल फ्री नंबर 1800 123 2211.

घरातलं कुणी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात. ते कार्ड आधी बघा.

राहिला प्रवास. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी लांबच्या गाडीने यायचं असेल तर रेल्वे स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ करते, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना बसता येतं; ठाण्याहून पनवेल लोकलने खारघर किंवा मेन लाइनने परळ गाठताना केस पेपरची प्रत जवळ ठेवा, कुणी हटकलंच तर दाखवायला.