तिसरा फेज येतो कुठून?

थोरल्या भावानं गेल्या वर्षी जुन्या बाजारातून एक लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, आणला. बेड सरळ, काम पकडून फिरवणारा चक घट्ट, मोटर २ एचपीची. घरी आणून मोटरच्या पाटीवरचं वंगण पुसलं, तर खाली अक्षरं दिसली: ४१५ व्होल्ट, ३ फेज. घराचा मीटर मात्र सिंगल फेजचा. "मधे बसवायला काहीतरी मिळत असेल ना रे?" दादानं फोनवर विचारलं.

मिळतं, आणि एकच नाही, तीन-चार प्रकारचं मिळतं. पण त्यातलं कुठलं घ्यायचं हे कळायला आधी सिंगल फेजमध्ये नेमकं काय कमी असतं ते समजून घ्यावं लागतं.

जुन्या विहिरीवरची मोट आठवा. मोट वर आली की पाणी भसकन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, ओतलं जातं, मग बैल मागे सरकतात, मोट पुन्हा खाली जाते, आणि तेवढा वेळ काहीच येत नाही. सिंगल फेजची वीज अशीच येते. आपल्याकडचा प्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० लहरी; दर लहरीत दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, मोटरकडे जाणारी शक्ती शून्यावर येते. आता त्याच विहिरीवर तीन मोटा लावा आणि प्रत्येकीची वेळ सारख्या अंतरानं पुढे-मागे ठेवा. एक रिकामी खाली जात असताना दुसरी ओतत असते. थ्री फेजमध्ये तीन तारांतल्या लहरी एकमेकींपासून १२० अंशांनी सरकलेल्या असतात. तिन्हींची बेरीज केली की शक्ती कुठेही खाली-वर होत नाही, अखंड एकसारखी राहते. साताऱ्याजवळ लिंब गावी तर बारा मोटांची विहीर आजही उभी आहे. तिच्या काठावर उभं राहिलं की ही कल्पना चटकन मनात उतरते.

म्हणून सिंगल फेजचं थ्री फेज करणाऱ्या प्रत्येक उपकरणात एक थारोळं असावंच लागतं. भरतीच्या क्षणी थोडी ऊर्जा साठवायची आणि ओहोटीच्या क्षणी ती सोडायची. हे थारोळं कशाचं केलंय, एवढाच या उपकरणांमधला खरा फरक आहे.

सगळ्यात स्वस्त थारोळं म्हणजे कपॅसिटर, खेड्यातल्या भाषेत कंडेन्सर. थ्री फेज मोटरला दोनच तारा दिल्या तर ती नुसती घुंऽऽ करत बसते, फिरत नाही. तिच्यात तयार होणारं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होत राहतं, त्याला दिशाच नसते. तिसऱ्या टोकाला कपॅसिटरमधून प्रवाह दिला की तो थोडा पुढे सरकलेला पोहोचतो, क्षेत्राला वळण मिळतं आणि मोटर उचलते. २३० व्होल्टवर, डेल्टा जोडणीत (मोटरमधली तारेची तीन वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, त्रिकोणात जोडलेली), दर किलोवॅटला ७० मायक्रोफॅरडच्या आसपास हा हिशेब धरतात. अडचण अशी की एका कपॅसिटरचं माप एकाच लोडला जुळतं. लोड बदलला की तीन वाइंडिंगमधले प्रवाह असमान होतात आणि एक वाइंडिंग तापायला लागतं. पूर्ण ताकदीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक काम अशा मोटरकडून घेऊ नये. रात्री थ्री फेज गेल्यावर उभं पीक वाळताना बघवत नाही म्हणून शेतकरी असा जुगाड करतो, त्याची तगमग मला कळते. पण रिवाइंडिंगच्या दुकानात काळ्या पडलेल्या तारांची भेंडोळी पाहिली की तो जुगाड किती महागात पडतो तेही दिसतं. (पॉवर फॅक्टर सुधारायला पंपावर जो कपॅसिटर लावायला सांगतात, तो वेगळा. तो तिन्ही फेज हजर असताना काम करतो.)

दुसरं थारोळं फिरतं असतं. घुं करणारी तीच मोटर कशीतरी एकदा वेगात आली, तर पुढे दोन तारांवरही फिरत राहते. आणि गंमत म्हणजे तिच्या मोकळ्या तिसऱ्या टोकावर मीटर लावला तर तिथे व्होल्टेज मिळतं, जवळजवळ तिसऱ्या फेजसारखं! फिरणाऱ्या रोटरनंच ते निर्माण केलेलं असतं. यालाच रोटरी फेज कन्व्हर्टर म्हणतात: एक मोठी मोटर, तिला काम काहीच नाही, फक्त फिरत राहायचं आणि तिसरी तार पुरवायची. एका वर्कशॉपमध्ये तीन-चार मशीन असतील तर हा मार्ग अजूनही चांगला. हाच प्रकार आपल्या रेल्वेनं वर्षानुवर्षं वापरला. डोक्यावरची तार २५ हजार व्होल्टची, पण सिंगल फेज. आणि इंजिनातले ब्लोअर, कॉम्प्रेसर थ्री फेजचे. म्हणून डब्ल्यूएजी-५ सारख्या इंजिनांत अर्नो कन्व्हर्टर नावाचं एक यंत्र सतत घरघरत असे.

आज मुंबईच्या लोकलला चाकं फिरवणाऱ्या मोटारीच थ्री फेजच्या आहेत आणि वरची तार अजूनही एकच. तिथलं थारोळं तिसऱ्या प्रकारचं, आणि दादासाठी मी तेच सुचवलं: व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, बाजारात ज्याला नुसतं 'ड्राइव्ह' म्हणतात. ड्राइव्ह आधी एसीची, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेची, डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज करतो. २३० व्होल्टच्या लहरीचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं, तेवढी डीसी आतल्या कपॅसिटरमध्ये भरून राहते. मग सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद होत त्या साठ्यातून तीन नव्या लहरी कापून काढतात. मेन स्विच बंद केल्यावरही हा साठा काही मिनिटं जिवंत असतो. झाकण लगेच उघडायचं नाही, म्हणजे नाहीच.

दुकानात बहुतेकांची फसगत होते ती पुढच्या गोष्टीत. २३० व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह थ्री फेज देतो, पण २३० व्होल्टचेच. ४१५ देणारा हवा तर आत व्होल्टेज दुप्पट करणारी रचना लागते, त्याची किंमत वेगळी. मात्र लहान मोटारी बहुतेक स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) असतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४० व्होल्टच मिळतात. तीच मोटर डेल्टात जोडली की तिला २३० पुरतात. त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर आलेली हवीत. सबमर्सिबल पंपाच्या बहुतेक मोटारींची तीनच टोकं बाहेर असतात, तिथे हा मार्ग बंद. शिवाय ड्राइव्ह मोटरपेक्षा एक-दोन मापं मोठा घ्यावा आणि घरची तार तपासावी, कारण तीन तारांचं ओझं आता एका फेजवर येतं. थ्री फेजची लाइन जवळून जात असेल आणि मोटर ५ एचपीची असेल, तर मी सरळ नवं कनेक्शन मागेन.

दादाच्या मोटरचा बॉक्स उघडला. सहा टोकं होती, तीन एका पितळी पट्टीनं बांधलेली. वायरमननं ती पट्टी काढून तीन सुट्ट्या पट्ट्या उभ्या बसवल्या, ड्राइव्ह जोडला, बटण दाबलं. पडद्यावर आकडे शून्यापासून ५० हर्ट्झपर्यंत चढत गेले, धक्का नाही, घुं नाही. चक मात्र उलटा फिरत होता. वायरमननं सगळं बंद केलं, दहा मिनिटं थांबला, मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली आणि बटण पुन्हा दाबलं. चक सुलटा फिरू लागला.